पेसर्सचा २०२४-२५चा हंगाम यशस्वी म्हणायचा का?

रेसकोर्स_रोड (इंदूर)

नमस्कार मंडळी. घरात, बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर आणि फोनवर यावरून इतकी वादावादी झाली आहे की आता इथेच विचारतो. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या इंडियाना पेसर्सचा २०२४-२५चा हंगाम यशस्वी होता की नव्हता?

माझा मामेभाऊ पुण्याला असतो, पक्का बॉस्टन सेल्टिक्सवाला. त्याचं म्हणणं, "फायनल हरलात, तुमच्या मुख्य खेळाडूचा, हॅलिबर्टनचा अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध) तुटला, पुढचा अख्खा हंगाम तो बाहेर, वर तुमचा सेंटर टर्नर मिलवॉकीच्या बक्सकडे गेला. याला यश म्हणतोस तर अपयश कशाला म्हणशील?" मी त्याच्याशी भांडलो. पण फोन ठेवल्यावर त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना.

मी पेसर्सवाला कसा झालो ते आधी सांगतो, कारण आपल्या इंदुरात लेकर्स आणि वॉरियर्सचेच लोक जास्त. ऑक्टोबर २०१९मध्ये पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज मुंबईत खेळले. एनबीएच्या टीम भारतात खेळायची ती पहिलीच वेळ. ४ तारखेचा सामना शाळकरी मुलांसाठी होता, तो पेसर्सनी ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा काढला. ५ तारखेच्या सामन्याला मी अवंतिका एक्सप्रेसने गेलो, वरळीच्या डोममध्ये बसून १३०-१०६ असा विजय पाहिला आणि त्या पिवळ्या-निळ्या जर्सीचा झालो तो झालोच. टर्नर त्या टीममध्ये होता, मॅककॉनेल होता, सबोनिस होता. हाच सबोनिस फेब्रुवारी २०२२मध्ये त्याच किंग्जकडे गेला आणि तिकडून हॅलिबर्टन आला. त्या अदलाबदलीच्या वेळी मला फार वाईट वाटलं होतं.

आता हंगाम. पहिल्याच सामन्यात वाइजमनचा अकिलीस तुटला, नोव्हेंबर लागला आणि आयझेया जॅक्सनचा तुटला. टर्नरला विश्रांती द्यायला ठेवलेले दोन्ही सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) संपले. डिसेंबरच्या सुरुवातीला १० विजय, १५ पराभव. मग मायामीकडून थॉमस ब्रायंटला आणला आणि नव्या वर्षात टीम पळायला लागली: १ जानेवारीपासून ३४ विजय, १४ पराभव. शेवटी ५०-३२, लीगच्या पूर्व विभागात चौथा क्रमांक. एप्रिलमध्ये लीगमधल्या खेळाडूंचं निनावी मतदान छापून आलं, त्यात लायकीपेक्षा जास्त गवगवा झालेला खेळाडू म्हणून सगळ्यांत वर नाव होतं हॅलिबर्टनचं.

त्यानंतरचे प्लेऑफचे (बाद फेरीचे, आधी चार सामने जिंकेल तो पुढे) दोन महिने मी आयुष्यात विसरणार नाही. बक्सविरुद्धचा पाचवा सामना ओव्हरटाइममध्ये हातातून गेला होता, हॅलिबर्टनने १.३ सेकंद राहिलेले असताना लेअप (बास्केटजवळचा शॉट) टाकला, ११९-११८. कॅव्हलियर्स म्हणजे ६४ सामने जिंकून आलेली टीम, त्यांच्या घरी दुसऱ्या सामन्यात स्वतःचाच चुकलेला फ्री थ्रो उचलून त्याने थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारला, घड्याळात १.१ सेकंद, १२०-११९. आणि निक्सविरुद्धचा पहिला सामना! मॅडिसन स्क्वेअर गार्डन, तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ आणि पेसर्स १४नी मागे. आपला नेस्मिथ थ्रीमागून थ्री घालत होता. शेवटच्या क्षणी हॅलिबर्टनचा शॉट रिंगच्या मागच्या कडेवर आपटून इतका वर उडाला की मी पडद्यावर चेंडू शोधत होतो, आणि तो सरळ आत पडला. पाय रेषेवर होता म्हणून दोनच पॉइंट, बरोबरी १२५-१२५, ओव्हरटाइममध्ये १३८-१३५. इकडे सकाळ झाली होती, आई पूजेची फुलं काढत होती, तिला वाटलं घरात काहीतरी झालं. फायनलच्या पहिल्या सामन्यात ओक्लाहोमा सिटी थंडरसमोर पेसर्स ४८ मिनिटांत एकदाही पुढे नव्हते, ०.३ सेकंद उरली तेव्हा पहिल्यांदा पुढे गेले, १११-११०. एकाच प्लेऑफमध्ये एकाच माणसाकडून हे सगळं.

मग पाचव्या सामन्यात पोटरी दुखावली. तरी तो सहाव्यात खेळला, आपण १०८-९१ जिंकलो. सातव्यात पहिल्या क्वार्टरमध्ये तीन थ्री घातले आणि कोणी धक्का न लावता तो खाली कोसळला, हाताने फरशी बडवत राहिला. बाकीच्यांनी तरीही मध्यंतराला ४८-४७ आघाडी घेतली. शेवट १०३-९१, थंडर विजेते.

माझी अडचण अशी की हिशोब कोणत्या दिवशी मांडायचा? ऑक्टोबरातल्या अपेक्षेवर मांडला तर हा स्वप्नासारखा हंगाम आहे. फायनल हरलो त्या सोमवारच्या सकाळी मांडला तर एक सामना कमी पडला. आज मांडला तर हॅलिबर्टन नाही, टर्नर नाही, पुढचं वर्ष कोरडं. माझं मत यशस्वी असंच आहे. पण सातव्या सामन्यात त्याला खेळवायला हवं होतं का, हे मला फार टोचतं. तुम्ही कसं बघता?

छत्रीबाग_एक्सप्रेस

भिया, मन दुखवायचं नाही, पण मी मामेभावाच्या बाजूने.

पेसर्स १९७६मध्ये एबीए या जुन्या लीगमधून एनबीएत आले. एबीएची तीन विजेतेपदं त्यांच्याकडे आहेत, १९७०, १९७२, १९७३. एनबीएचं एकही नाही. २०००मध्ये रेजी मिलर असताना लेकर्सनी ४-२ने हरवलं, २०२५मध्ये थंडरनी ४-३ने. इतक्या वर्षांत दोनदा फायनल आणि दोन्हीदा रिकाम्या हाताने. "पोहोचलो हेच खूप" असं मानणाऱ्या टीम पोहोचूनच थांबतात.

आणि सगळे सातव्या सामन्याबद्दल बोलतात, मला तो चौथा आठवतो. मालिकेत आपण २-१ने पुढे, सामना इंडियानापोलिसला, आपलं घर, चौथ्या क्वार्टरमध्ये शिरताना सात पॉइंटची आघाडी. तो सामना जिंकला असता तर ३-१. तिथून थंडरच्या शे गिलजस-अलेक्झांडरने शेवटची चार-पाच मिनिटं एकट्याने खाऊन टाकली आणि १११-१०४ हरलो. तेव्हा हॅलिबर्टन धडधाकट होता. अकिलीसला दोष देऊ नका, विजेतेपद त्या रात्री गेलं. हातात आलेलं सोडणाऱ्याला मी यशस्वी म्हणत नाही, मग तो कितीही लाडका असो.

कोर्टवरची_ताई

मी मुलींना बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे माझं बघणं थोडं वेगळं आहे. दोन गोष्टी लिहिते, त्यातली दुसरी जास्त महत्त्वाची.

छत्रीबागवाले दादा, चौथ्या सामन्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. पण तो सामना का गेला हेही बघा. पेसर्स समोरच्याला अख्ख्या कोर्टभर पकडतात. बास्केट झाली की लगेच वर जाऊन चेंडू आणणाऱ्याला भिडायचं, दर वेळी, ४८ मिनिटं. हे पाच-सहा माणसांत होत नाही, म्हणून प्रशिक्षक कार्लाइल नऊ-दहा जणांना फिरवत राहतात. निक्स आणि कॅव्हलियर्स यांनी दम सोडला तो या धावण्यामुळे. थंडर ही एकच टीम अशी भेटली की जिच्याकडे तेवढीच माणसं होती, तेवढीच तरुण होती आणि डिफेन्स आपल्याहून चांगला होता. ६८ सामने जिंकलेली टीम होती ती. तिला सात सामन्यांपर्यंत ताणणं हे मुलींना दाखवण्यासारखं आहे आणि मी दाखवलंही. फायनलच्या तिसऱ्या सामन्याचा तुकडा लावला: मॅककॉनेल, सगळ्यांत बुटका, बेसलाइनवरून आत टाकलेला पास कसा चोरतो बघा. त्या सामन्यात पाच स्टील, बेंचवरून येऊन. आणि मॅथुरिनचे २७ पॉइंट, तेही बेंचवरूनच. आमच्याकडे बेंचवर बसवलं की मुली रडतात, घरच्यांचे फोन येतात. त्या दिवशी एकीने स्वतःहून विचारलं, "ताई, मी दुसऱ्या क्वार्टरला येऊ का?"

निक्सविरुद्धचा चौथा सामनाही दाखवते: हॅलिबर्टनचे ३२ पॉइंट, १५ असिस्ट, १२ रिबाउंड आणि टर्नओव्हर शून्य. इतका चेंडू हातात असून एकदाही तो समोरच्याला दिला नाही.

आता दुसरी गोष्ट. रेसकोर्स दादा, तुम्हाला जे टोचतं ते टोचायलाच हवं. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली अकिलीसमध्येच उतरतात. पोटरी दुखावलेली असताना उडी, झटकन थांबणं, पुन्हा सुटणं, हा सगळा भार त्याच वाटेने जातो. केव्हिन ड्युरँटचं २०१९ आठवा: प्लेऑफमध्ये पोटरी दुखावली, महिनाभर बाहेर, फायनलच्या पाचव्या सामन्यात परत आला आणि अकिलीस तुटला. त्यापुढचा संपूर्ण हंगाम गेला. हे उदाहरण लीगमधल्या प्रत्येक डॉक्टरासमोर होतं. हॅलिबर्टनने नंतर स्वतःच लिहिलं की पुन्हा वेळ आली तर पुन्हा खेळेन. त्याच्या धैर्यापुढे मी मान झुकवते. पण खेळाडू नेहमी हो म्हणणारच. माझ्याकडची चौदा वर्षांची मुलगी घोटा सुजलेला असताना "मी ठीक आहे" म्हणते. नाही म्हणायचं काम बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचं.

म्हणून माझं उत्तर: हंगाम यशस्वी, तो निर्णय चुकीचा. दोन्ही एका वाक्यात मिसळू नका.

होळकरी

नातवाने हा धागा वाचून दाखवला. सामने त्याच्याबरोबर मीही पाहिले, पण माझा खरा खेळ क्रिकेट, तेव्हा मी त्यातलंच बोलतो.

छत्रीबागवाल्या मुला, तू ज्या शहरात राहतोस त्या शहराची टीम रणजी करंडकात सहा वेळा उपविजेती होती, हे तुला घरी कोणी सांगितलं आहे का? होळकर संघ. कर्नल सी. के. नायडू कर्णधार, मुश्ताक अली, निंबाळकर. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा अंतिम सामना, त्यातले चार जिंकले: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. सहा हरले. १९४६-४७चा अंतिम सामना बडोद्याला झाला, तिथे गुल महंमद आणि हजारे यांनी चौथ्या विकेटसाठी ५७७ धावांची भागी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. आमचे वडील तो पराभव अशा आदराने सांगायचे की लहानपणी मला वाटायचं आपणच जिंकलो होतो. हरलेल्या सहा हंगामांबद्दल त्या पिढीच्या तोंडून "वाया गेला" हा शब्द मी कधीही ऐकला नाही. दरवर्षी शेवटच्या दिवशी मैदानात असायचं, हीच त्यांची मोजपट्टी.

पण मी तुझ्या बाजूचंही बोलतो, कारण मी ते भोगलेलं आहे. १९९८-९९. मध्य प्रदेश अंतिम सामन्यात, बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध, चंद्रकांत पंडित कर्णधार. पहिल्या डावात आघाडी आपली. पाचव्या दिवशी सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक इंदूरला आला असता. नाही राखता आला. राजवाड्यावर त्या संध्याकाळी चार लोक एकत्र आले की तोच विषय, आणि सगळे म्हणत होते की पुढच्या वर्षी नक्की. पुढचं वर्ष तेवीस वर्षांनी आलं. जून २०२२, तेच चिन्नास्वामी मैदान, समोर मुंबई, पंडित आता प्रशिक्षक. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार, तिघांची शतकं. सहा विकेटनी जिंकलो. पंडितांच्या डोळ्यांत पाणी होतं ते सगळ्यांनी पाहिलं.

त्या तेवीस वर्षांत १९९८-९९ला मी काय म्हणत होतो? यशस्वी म्हणत होतो. करंडक नव्हता तेव्हाही. मध्य प्रदेशाच्या पोरांना अंतिम सामना खेळता येतो हे त्या संघाने दाखवलं होतं, आणि ते दाखवणं पाचव्या दिवशीच्या पराभवाने पुसलं गेलं नाही. २०२२ नंतर मी माझं मत बदललं नाही, कारण बदलायचं काही नव्हतं.

बडोद्याचा_हूपर

काका, ५७७ आमच्याकडे अजूनही अभिमानाने सांगतात. होळकरांसारखा संघ समोर होता म्हणूनच त्या भागीला एवढा मान.

मला फक्त टर्नरबद्दल बोलायचं आहे. त्याचं जाणं २०२४-२५च्या खात्यात घालू नका. २०१५मध्ये आला, दहा वर्षं एकाच टीममध्ये काढली, दर उन्हाळ्यात त्याला विकणार अशा बातम्या यायच्या आणि तो खेळत राहायचा. बक्सनी त्यांच्या लिलार्डला मुक्त करून त्याचा पगार पुढच्या वर्षांवर पसरला आणि ती जागा टर्नरला दिली. लिलार्डचा अकिलीस आपल्याविरुद्धच्या मालिकेतच गेला होता. हे जुलैमधलं व्यवहाराचं काम आहे. हंगाम २२ जूनला संपला. पेसर्सनी त्याला वेळेवर हवे ते पैसे दिले नाहीत याचा मला राग आहे, पण तो राग मालकांवर, त्या हंगामावर नाही.

रेसकोर्स_रोड (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला उत्तर देतो.

छत्रीबाग, चौथ्या सामन्याचं तू बरोबर धरलंस. मी तो सामना तुझ्या पोस्टनंतर पुन्हा पाहिला. शेवटच्या पाच मिनिटांत आपला चेंडू फिरायचाच थांबला होता, एकेक जण स्वतः घुसत होता, जे या टीमने वर्षभर केलं नव्हतं. विजेतेपद तिथेच गेलं हे मी मानतो. पण त्या सामन्याने मला काय कळलं ते तुझ्यापेक्षा वेगळं आहे. ज्या टीमकडे डिसेंबरात राखीव सेंटर नव्हता ती जूनमध्ये स्वतःच्या घरी विजेतेपदापासून दोन विजयांवर उभी होती, आणि तू तिच्यावर रागावतो आहेस तो विजेतेपदाच्या मापाने. ऑक्टोबर २०२४मध्ये हे माप लावायचं तुझ्या किंवा माझ्या मनात तरी आलं असतं का? ते माप या हंगामानेच आपल्या हातात दिलं.

ताई, तुमचा ड्युरँटचा मुद्दा वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तुम्ही दोन वाक्यं वेगळी करायला सांगितलीत, ती मी आता वेगळी करतो. त्याला सातव्यात खेळवायला नको होतं. निदान सुरुवातीला बसवून, पोटरी कशी आहे ते बघून मग ठरवायला हवं होतं. मध्यंतराची ४८-४७ ही आघाडी त्याच्याशिवायची आहे, नेंबहार्ड, मॅककॉनेल, सियाकम यांनी मिळवलेली. तो बाहेर बसला असता तरी ही टीम लढली असती, याचा पुरावा त्याच सामन्यात आहे. आणि तुमच्या त्या मुलीचं, जिने दुसऱ्या क्वार्टरला येऊ का विचारलं, ते वाचून फार बरं वाटलं.

होळकरी काका, सहा उपविजेतेपदांचं मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या घरी फक्त चार करंडकांचं बोलणं. तुमच्या वडिलांची मोजपट्टी मला पटते: शेवटच्या दिवशी मैदानात असणं. २०२३-२४मध्ये सेल्टिक्सनी आपल्याला कॉन्फरन्स फायनलमध्ये ४-०ने धुतलं होतं, तेव्हा सगळे म्हणाले की नशिबाने इथवर आले. वर्षभरात तीच माणसं, तोच प्रशिक्षक, एक पायरी वर आणि सातव्या सामन्यापर्यंत. म्हणून माझं उत्तर आता पक्कं आहे, आणि ते "पण" न लावता लिहितो: हंगाम यशस्वी होता.

बडोदेकर, टर्नरचा हिशोब वेगळा ठेवायचा हे मान्य. पुढच्या वर्षासाठी एक गोष्ट सांगतो. फायनल चालू असतानाच पेसर्सनी पेलिकन्सकडून स्वतःचा २०२६चा पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क, खालच्या टीमना तो आधी मिळतो) परत घेतला, तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. हॅलिबर्टनशिवाय टीम खाली घसरली तर तोच पिक मोठ्या कामाचा ठरेल. २०२५-२६च्या हंगामात मी विजय मोजणार नाही. नेंबहार्ड चेंडू घेऊन रोजच्या रोज टीम चालवू शकतो का, मॅथुरिन डिफेन्समध्ये टिकतो का, आणि दहावा माणूस अजूनही अख्ख्या कोर्टभर भिडतो का, हे बघणार आहे.

आणि मामेभावाला हा धागा पाठवला आहे. त्याच्या सेल्टिक्सनी ६१ सामने जिंकले, आदल्या वर्षीचे विजेते होते, दुसऱ्या फेरीत निक्सकडून ४-२ने गेले आणि त्यातच त्यांच्या टेटमचा अकिलीसही तुटला. त्या हंगामाला तो काय म्हणतो ते त्याने इथे येऊन लिहावं. मला खरंच ऐकायचं आहे.